स्वस्त माल, महाग धडा

मे 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मोटारींच्या सुट्या भागांवर 25 टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा बेळगावच्या उद्यमबागेपासून मच्छेपर्यंत जो तो ट्रम्पसाहेबांच्या नावाने बोटे मोडू लागला. बोटे मोडून काय होणार? ते शुल्क जपानी, जर्मन आणि कोरियन मालावरही बसले होते. त्या देशांनी वाटाघाटी करून ते 15 टक्क्यांवर आणले, कारण त्यांच्या मालाला नाव आहे, वजन आहे. आमच्याकडे विकायला स्वस्ताईशिवाय दुसरे आहे काय?

एक उदाहरण जुने आहे, पण विसरण्याजोगे नाही. पुण्यात तयार होणारी टाटांची इंडिका 2003 पासून इंग्लंडात ‘सिटी रोव्हर’ या नावाने विकली गेली. गाडी आपली, बिल्ला रोव्हरचा. किंमतही रोव्हरनेच ठरवली, साडेसहा हजार पौंडांच्या आसपास. तेवढ्या पैशांत तिथल्या गिऱ्हाइकाला याहून सुबक आणि नव्या बनावटीच्या गाड्या मिळत होत्या. गाडी चालली नाही. एप्रिल 2005 मध्ये रोव्हर कंपनीच बुडाली आणि सिटी रोव्हरही संपली. ज्याच्या हाती नाव आणि भाव, त्याच्याच हाती आपले नशीब, हा तो धडा.

आमच्या फौंड्रीवाल्यांची आणि लेथवाल्यांची गत याहून वेगळी आहे काय? ड्रॉइंग त्यांचे, नाव त्यांचे, भाव त्यांचा. आमचे फक्त बीड, वीज आणि घाम. नगामागे दोन रुपये कमी केले की ऑर्डर येते, दुसऱ्याने तिसरा रुपया कमी केला की जाते. आणि शेजारच्या शेडमधल्या आपल्याच माणसाचा भाव पाडून मिळवलेल्या ऑर्डरचे आम्ही पेढे वाटतो!

आता तर स्वस्ताईही पुरणार नाही. 1 जानेवारी 2026 पासून युरोपात जाणाऱ्या लोखंड-पोलादावर, अगदी नटबोल्टवरही, ते बनवताना किती कार्बन हवेत गेला त्याचा आकार आयातदाराच्या माथी बसतो. त्यात विजेच्या गाडीला क्रँकशाफ्ट लागत नाही, पिस्टन लागत नाही, कनेक्टिंग रॉड लागत नाही. ज्या घरांची चूल या वस्तूंवर पेटते, त्यांनी झोपून कसे चालेल?

सरकारने सवलती द्याव्यात असे काही सभासद म्हणतात. द्याव्यातच. पण सवलतीने मालाला नाव मिळत नाही. 1961 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत फोर्जने 2004 मध्ये जर्मनीतली फोर्जिंग कंपनी विकत घेतली आणि गिऱ्हाइकाच्या दारातच पाय रोवले. ते मोठे, आम्ही लहान, हे खरे. पण लहानांनी एकत्र येऊ नये असे कुणी सांगितले?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी आधी तो घेईनात. लक्ष्मणराव हटले नाहीत, आणि तो नांगर किर्लोस्करांचा म्हणूनच ओळखला गेला. त्यांचे नाव घेतल्यावाचून आमचा सत्कारसमारंभ पार पडत नाही. त्यांचा कित्ता मात्र कुणी गिरवत नाही.

आमच्या पतसंस्थांकडे आणि मंडळांकडे सभागृहे बांधायला पैसा निघतो. तोच पैसा डिझाइनच्या सामाईक केंद्राला आणि परदेशी गिऱ्हाइकाशी थेट बोलणाऱ्या एका विक्री-कचेरीला का निघू नये? आमची इंजिनिअर झालेली मुले पुण्या-बेंगळुरात दुसऱ्यांची ड्रॉइंगे काढत बसली आहेत. त्यांना परत बोलवावे असे काम आम्ही इथे उभे करणार आहोत की नाही?

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. कारखानदार सभासदांनी जरूर यावे. हारतुरे नकोत, हिशेबाच्या वह्या घेऊन यावे.