स्वयंपाकघर कोणाचे?

घराला आशीर्वाद देण्यासाठी धर्मगुरू येतो तेव्हा त्यास दिवाणखाना, येशूहृदयाची वेदी आणि झोपण्याच्या खोल्या आनंदाने दाखविल्या जातात. परंतु स्वयंपाकघराच्या दाराशी येताच घरची बाई किंचित अवघडते आणि म्हणते, ‘‘फादर, आत काळोख आहे, दारातूनच पाणी शिंपडा.’’ पेडणे महालात हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. ज्या खोलीत तिचा अर्धा जन्म जातो तीच खोली तिला पाहुण्यापासून झाकावीशी वाटते, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. पाद्रीने स्वयंपाकघरावर लिहावे ह्याचे काही भगिनींना हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे आणि मग पुढे वाचावे.

आपल्याकडील चिऱ्यांच्या जुन्या घरांत स्वयंपाकघर मागल्या अंगाला असते. छप्पर तिकडे उतरत आलेले, खिडकी हातभर, आणि भिंती धुराने काळ्याभोर. त्या धुराचाही पूर्वी उपयोग होता. चुलीवरच्या माळ्यावर भिरंडसोले सुकत, चोरिसांच्या माळा टिकत, आणि वाशांना वाळवी लागत नसे, असे जुनी माणसे सांगतात. परंतु तोच धूर रांधणारीच्या डोळ्यांत आणि छातीत जात असे. त्याने फुप्फुसांचे विकार होतात हे आता निर्विवाद ठरले आहे. तेव्हा जुन्या चुलीचे गोडवे गाणाऱ्यांनी एक संपूर्ण पावसाळा तिच्यापुढे बसून काढावा, एवढेच माझे त्यांस सांगणे आहे.

हल्ली मात्र दुसऱ्या टोकाची घाई दिसते. मुलगा तारवटी म्हणून बोटीवर असतो किंवा आखातात नोकरीला असतो. तो सुट्टीवर येतो, शहरातील दुकानात चित्रे पाहतो, हप्त्यांनी पैसे देण्याचे ठरवितो आणि आठवड्याभरात चकचकीत कपाटे बसवून परत जातो. महिन्याभराने पाहावे तर म्हातारी आई मागल्या पडवीत तीन दगड मांडून भात शिजवीत आहे, आणि सून नव्या कपाटांत मिठाची बरणी शोधीत आहे. पैसा गेला, हप्ते राहिले. घरपण मात्र त्या कपाटांबरोबर आले नाही.

अशा बेतशीर स्वयंपाकघराचा इतिहास मनोरंजक आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी नवी घरे बांधली जात असताना १९२६ साली मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की ह्या ऑस्ट्रियन स्थापत्यविशारद बाईंनी एक लहानसे स्वयंपाकघर आखले. गृहिणीची पावले व वेळ वाचावा म्हणून कामाचे घड्याळ लावून मोजमाप केले. ॲल्युमिनियमच्या खणांवर जिन्नसांची नावेसुद्धा घातली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे झाली. हेतू उदात्त होता. परंतु आपण त्यापूर्वी कधी घर चालविले नव्हते, असे त्या बाईंनीच पुढे मोकळेपणाने सांगितले. पिठाच्या खणात डाळ ठेवू इच्छिणाऱ्या गृहिणीने काय करावयाचे, हे त्या आराखड्यात नव्हते!

आता कोरगावातील एका घराची हकीकत सांगतो. सावंतवाडीकडून आलेली सून लग्नाला तीन वर्षे झाली तरी सासूशी बोलताना ‘‘माय, तुमच्या स्वयंपाकघरात’’ असेच म्हणे. नवऱ्याने एकदम सर्व पालटण्याचा बेत काढला तेव्हा तिने नकार दिला आणि हाताशी असलेल्या पैशांत एका वर्षी एकच काम करावयाचे ठरविले.

पहिल्या वर्षी उजेड. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ती कौले आपल्या घरांवर आली. त्याच आकाराची काचेची कौलेही मिळतात. छपरातील दोन कौले काढून तेथे काचेची दोन घातली, इतकेच. पण त्या उजेडात भिंतींची काजळी प्रथमच सर्वांना दिसली, आणि जळणाची चूल बाहेर पडवीत नेण्यास सासूबाई आपण होऊन तयार झाल्या.

दुसऱ्या वर्षी ओटा. गवंड्याला तिने सिमेंट घालू दिले नाही. सुटे चिरे रचून वर कडप्प्याची फरशी नुसती ठेवविली आणि महिनाभर तीवर रांधून पाहिले. सुनेला जी उंची सोयीची होती ती ठेंगण्या सासूबाईंच्या खांद्यांना जाचू लागली. ओटा कोपरापेक्षा चार-सहा बोटे खाली असावा, ह्या हिशेबाने दोघींचा ओटा एक होणे शक्यच नव्हते. शेवटी खिडकीखाली उंच आणि मागील दाराशी ठेंगणा असे दोन ओटे झाले. ठेंगण्या ओट्याजवळ पाट आणि आदोळी, कारण नारळ खवणे हे काम सासूबाईंनी कोणास दिले नाही. गवंडी म्हणाला, असे वेडेवाकडे काम मी कोठे केले नाही. सासूबाई त्याला म्हणाल्या, ‘‘तू कर. आमच्या स्वयंपाकघरात आम्हां दोघींना उभे राहावयाचे आहे.’’ ‘आमच्या’ हा शब्द त्या घरात त्या दिवशी आधी सासूच्या तोंडून निघाला, हे मला विशेष वाटते.

तिसऱ्या वर्षी भिंती. येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण ह्यात पुष्कळ कुटुंबे फसतात. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात ती सोडते. तिला तेलाचा रंग फासला की ओल आत कोंडते, रंगाला फोड येतात आणि पापुद्रे भातात पडतात. तो रंग खरवडून कळीचा चुना द्यावा. चुना विझवून काही दिवस पाण्यात मुरू द्यावा, गाळावा आणि पातळ असे तीन हात द्यावे. एक जाड हात दिला तर तो कपड्याला लागतो. विझविताना मुले जवळ नसावीत, कारण चुना डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाते. आणि पाऊस संपताच घाई करू नये. नाताळ जवळ आला म्हणून ओल्या भिंतीला पांढरी करण्यापेक्षा यंदाचा नाताळ काळ्या भिंतीत झालेला बरा.

चौथ्या वर्षी फळ्या बसल्या आणि डिचोलीच्या तांबड्या मातीची कुंडली त्यांवर आली. रगड्याचे काय करावयाचे हे मात्र अद्याप ठरलेले नाही. मिक्सर आल्यापासून तो वाटेत पडून आहे. तो हलविण्यास चार माणसे लागतात आणि सासूबाईंची संमती लागते. माणसे दोनदा जमली होती.