परसदार : दात जुळले पाहिजेत



ऑगस्टच्या शेवटी संपादकताईंचा नेहमीप्रमाणे निरोप आला, "परसदार कुठवर आलंय?" मी म्हटलं, "यंदा फराळाचं काही नाही. गाडीच्या टायमिंग बेल्टवर लिहिलं तर चालेल का?" जरा वेळ पलीकडून आवाजच आला नाही. मग त्या म्हणाल्या, "लिही, पण बायकांना कळेल असं लिही." मी म्हटलं, "बायकांना कळेलच, पुरुषांचं मात्र सांगता येत नाही."

गेल्या वर्षी याच पानावर चकलीची भाजणी इथल्या मिक्सरवर कशी दळायची ते लिहिलं होतं. त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणींचे फोन आले. या वर्षी फोन करायचा झाला तर आधी हात धुऊन घ्या. ग्रीस लवकर निघत नाही.

झालं असं, की मार्चच्या मध्यावर नवऱ्याची नोकरी गेली. एच-वन व्हिसावर असलेल्यांना पुढचं सांगायला नको. ६० दिवस. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने कागद दाखल केले तर ठीक, नाही तर सामान बांधायचं. मी एच-फोरवर. सांगली जिल्ह्यात सहा वर्षं आठवी ते दहावीला मराठी शिकवलं, एम.ए., बी.एड. आहे, पण इथे मला एक डॉलरही मिळवता येत नाही. घरात एकच पगार होता, तोही थांबला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही हप्त्यावरची छोटी गाडी विकून टाकली. उरली ती आमची म्हातारी होंडा ओडिसी. २०१० सालचं मॉडेल, ९८ हजार मैल झालेले, जुनी घेतलेली. आजी-आजोबा भारतातून आले की सगळे एकत्र मावावेत म्हणून घेतली होती.

शिकागोच्या एका कंपनीने मुलाखतीला प्रत्यक्ष बोलावलं. आमच्या डेट्रॉईटजवळच्या गावातून शिकागो म्हणजे साधारण २८० मैल. आणि त्याच आठवड्यात ड्राइव्हवेवर, उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला निळसर थेंब दिसले. कूलंट. गॅरेजवाल्याने खालून टॉर्च मारली आणि सांगितलं, "वॉटर पंप गळतोय. तो बदलायचा तर टायमिंग बेल्टही बदला. १४ वर्षांत कधी बदललेला दिसत नाही." आकडा सांगितला ११५० डॉलर. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता गाडीत बसलो.

आता हा बेल्ट म्हणजे काय, ते सांगते. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टनशी जोडलेला. वर कॅमशाफ्ट असतात, ते व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झाला पाहिजे, ना कमी ना जास्त. हे गणित सांभाळतो तो आतून दात असलेला एक रबरी पट्टा. तुमच्यापैकी ज्यांनी गावाकडे उखळात दोघींना मिळून कांडताना पाहिलंय, त्यांना लगेच कळेल. एकीचं मुसळ वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं. उखळ एकच, पण वेळ वेगळी. ताल चुकला की मुसळावर मुसळ. आमच्या इंजिनात पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह हे असेच आळीपाळीने एकाच जागेत येतात. पट्टा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचं काम निघतं. गाडी आधी कुरकुरत नाही, महामार्गावर सत्तरच्या वेगात एकदम बंद पडते.

या पट्ट्याचं आयुष्य साधारण १ लाख ५ हजार मैल किंवा ७ वर्षं धरतात, जे आधी येईल ते. आमचे मैल भरले नव्हते, पण वर्षं दुप्पट झाली होती. रबर मैल मोजत नाही, वयही मोजतं. आणि वॉटर पंप फिरतो तो याच पट्ट्यावर. पंपापर्यंत पोचायला जे सगळं उघडावं लागतं, तेच पट्ट्यासाठी उघडावं लागतं. म्हणून दोन्ही एकदम बदलतात, आणि सोबत पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याच्या पुल्याही. खर्च भागांचा कमी, उघडझाक करण्याच्या मजुरीचा जास्त. भागांचा पूर्ण संच साधारण २०० डॉलरला मिळत होता.

रात्री जेवताना मी म्हटलं, "आपणच करू या." नवरा म्हणाला, "मी कीबोर्ड सोडून काही उघडलेलं नाही." मी म्हटलं, "मी उघडीन."

माझे वडील, आबा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. शाळेतून येताना मी त्यांचा डबा द्यायला फाटकापर्यंत जायची. आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. "पोरीचं काम न्हाई ते." तरी फाटकातून जे दिसलं ते दिसलं. शनिवारी सकाळी आठला, म्हणजे तिकडे संध्याकाळी साडेपाचला, मी त्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन गॅरेजच्या फळीवर उभा केला. आबा चष्मा पुसत म्हणाले, "पट्ट्याचं मला काय ठावं न्हाई पोरी. आमच्या येष्टीला आत गिअरच असत्यात. पण दात ते दातच. खुणा करून घे, मगच सोड."

मग आम्ही सुरुवात केली. बॅटरीची तार काढली. पुढचा भाग उचलून जॅकस्टँडवर बसवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका, ही एवढी ओळ तरी लक्षात ठेवा. उजवं चाक काढलं, कूलंट झाकणाच्या डब्यात काढून घेतलं. ते गोड लागतं आणि विषारी असतं, मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब ठेवायचं, गटारात ओतायचं नाही.

पहिला अडथळा क्रँकच्या पुलीचा बोल्ट. १९ नंबरचा. १४ वर्षं घट्ट बसलेला. पुली धरून ठेवायला खास षटकोनी हत्यार लागतं, ते सुट्या भागांच्या दुकानातून अनामत ठेवून उसनं मिळालं. लांब दांडा, त्यावर आणखी पाइप घालून दोघांनी जोर लावला. तीन वेळा काही नाही. चौथ्या वेळी गोळी सुटल्यासारखा आवाज आला आणि लेक घरातून पळत आली, "आई, काय तुटलं?" काही तुटलं नव्हतं. सुटलं होतं.

इंजिनाच्या त्या बाजूचा माउंट काढावा लागतो, म्हणून खालून लाकडी ठोकळा ठेवून इंजिनाला जॅकचा टेकू दिला. झाकणं काढली. आत जुना पट्टा. कडेला बारीक चिरा, आणि पंपाखाली वाळलेल्या कूलंटचे पांढरट-निळे ओघळ. आबा म्हणाले, "बघ, वेळेवर आलीस." क्रँकची खूण आणि दोन्ही कॅमच्या खुणा जुळवून मी त्यावर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारल्या, फोटो काढले आणि मगच पट्टा सोडला.

पंप पाच बोल्टांवर असतो. जुना काढला, बसण्याची जागा स्वच्छ पुसली, नवी रबरी रिंग घालून नवा बसवला. हे बोल्ट बारीक, फक्त १२ न्यूटन-मीटर जोर. इथे ताकद दाखवली तर बोल्ट तुटतो. नवा टेन्शनर पिनेने दाबलेल्या अवस्थेत येतो. पट्टा चढवला, पिन ओढली, आणि आबांच्या सांगण्याप्रमाणे, आणि पुस्तकातही तसंच होतं म्हणून, क्रँक पान्याने हाताने सहा वेळा फिरवला. हाताला काही अडलं नाही. पण खुणा पाहिल्या तर क्रँक बरोबर, पुढचा कॅम बरोबर, मागचा कॅम एक दात मागे.

रात्रीचे अकरा वाजले होते. नवरा म्हणाला, "एका दाताने काय होतंय? बंद कर आता." मी म्हटलं, "नाही. परत काढायचं." तो पाना फळीवर ठेवून म्हणाला, "निदान हे तरी एक संपू दे." आणि तो मटकन पायरीवर बसला.

मला तेव्हा कळलं, की तो पट्ट्याबद्दल बोलतच नव्हता. पाच आठवडे रोज अर्ज आणि रोज नकार. त्याला काहीतरी एक पूर्ण झालेलं हवं होतं. मलाही हवं होतं. पण शिकागोला जाताना त्या गाडीत तो असणार होता. मी म्हटलं, "हे संपेल, पण बरोबर संपेल. एक दात म्हणजे अर्धा गुण नव्हे, वाढवून देता येत नाही." तो हसला नाही, पण उठला. आबांच्या इथे रविवारची सकाळ झाली होती. ते म्हणाले, "दमलेल्या हातानं टायमिंग करत न्हाईत. झोपा जावा."

सकाळी नवी अडचण. पिन एकदा काढली की टेन्शनर लांब होतो. तो परत व्हाइसमध्ये उभा धरून अगदी सावकाश दाबावा लागतो, तेव्हा पिन जाते. आमच्याकडे व्हाइस कुठला? नवरा आपण होऊन शेजारी गेला. पलीकडचे आजोबा मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. हिवाळ्यात आम्ही त्यांचा बर्फ काढतो, तेवढीच ओळख. त्यांनी काही न विचारता तळघर उघडलं, टेन्शनर व्हाइसमध्ये धरला आणि दांडा नवऱ्याच्या हातात दिला. थोडं फिरवायचं, थांबायचं, आतल्या तेलाला वेळ द्यायचा. पिन बसली तेव्हा आजोबा म्हणाले, घाई करणाऱ्यांनीच त्यांना चाळीस वर्षं काम पुरवलं.

आदल्या रात्रीची चूक कुठे झाली तेही कळलं. दोन कॅमच्या मधे पट्टा ढिला राहिला होता, आणि मागचा कॅम स्प्रिंगच्या जोराने हलतो. या वेळी मी घरातून काळ्या मोठ्या क्लिपा आणल्या. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना लावायच्या त्या. का कोण जाणे, भारतातून येताना बॅगेत भरल्या होत्या, आजवर एकही वापरली नव्हती. पट्टा एकेका कॅमवर बसवायचा आणि क्लिप लावून धरायचा. नवऱ्याने मागचा कॅम पान्याने खुणेवर धरून ठेवला, मी पट्टा ओढून घेतला. क्लिपा काढल्या, पिन काढली. सहा फेरे. तिन्ही खुणा समोरासमोर. समाधान होईना म्हणून आणखी सहा.

क्रँकचा बोल्ट आधी ६४ न्यूटन-मीटर, मग वर ६० अंश. कूलंट भरलं, हीटर पूर्ण गरम ठेवून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं आणि पंखा दोनदा चालू होईपर्यंत इंजिन चालवलं, म्हणजे आतली हवा निघते. किल्ली नवऱ्याने फिरवली. फोनवर आबा म्हणाले, "जरा जवळ न्हे." मी फोन इंजिनाजवळ धरला. ते डोळे मिटून ऐकत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एकसारखी चालतीया." आणि मग, "तवा तुला फाटकातनं आत घेतलं असतं, तर आज फोनवर सांगावं लागलं नसतं."

मी काहीच बोलले नाही. खाली थेंब पडतोय का ते बघायला वाकले.

गुरुवारी गाडी शिकागोला जाऊन आली. एक थेंब गळला नाही. ती नोकरी मात्र मिळाली नाही. मिळाली ती इथलीच, ५१व्या दिवशी. तेव्हा बेल्ट बदलला म्हणून दिवस पालटले असं मी म्हणणार नाही. एवढंच झालं, की त्या दोन दिवसांनंतर नवरा पुन्हा रात्री झोपायला लागला, आणि "तू काय करतेस?" असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून "सध्या काही नाही" येईनासं झालं.

तुम्हाला करायचं असेल तर थोडक्यात सांगते. आधी आपल्या गाडीला पट्टा आहे की साखळी ते पाहा, बऱ्याच नव्या गाड्यांना साखळी असते. जोराचे आकडे माझ्या लेखातून घेऊ नका, आपल्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये हे काम करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. दोन पूर्ण दिवस हातात ठेवा. हाताने फेरे फिरवल्याशिवाय किल्लीला हात लावू नका. आणि पैसे असतील, वेळ नसेल, तर खुशाल गॅरेजला द्या, त्यात कमीपणा नाही. मात्र जुनी गाडी घेतली असेल तर पट्टा कधी बदलला ते आजच शोधा.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा खंडेनवमी होऊन गेलेली असेल. दर वर्षी आम्ही पाटावर वह्या, लॅपटॉप आणि विळी मांडतो. या वर्षी लेकीने आत्ताच सांगून ठेवलंय, की १९ नंबरचा पाना मधोमध ठेवायचा. शेजारी काळ्या क्लिपा असतील. आणि समोर फोन, सांगलीकडे तोंड करून.

दिवाळीच्या सगळ्यांना शुभेच्छा. भाजणीची चौकशी अजूनही चालेल.