केसपेपरवर आपले कामही लिहिले गेले पाहिजे

बोईसरच्या बहुतेक दवाखान्यांत नाव, वय, काय होते आणि किती दिवस झाले एवढे विचारले जाते. बी.पी. पाहतात, इंजेक्शन देतात, गोळ्या लिहून देतात. समोरचा माणूस दिवसाचे आठ-बारा तास कोणत्या प्लँटमध्ये उभा असतो, कोणती पावडर गोण्यांत भरतो, हे क्वचितच विचारले जाते. केसपेपरवर ते लिहिलेले तर त्याहून कमी दिसते. आम्हाला वाटते की आपल्या वस्त्यांच्या आरोग्याचा प्रश्न या न लिहिलेल्या एका ओळीत अडकला आहे.

ही ओळ लिहा, असे सांगणारा माणूस तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. बर्नार्दिनो रामाझ्झिनी हे इटलीतले डॉक्टर. शौचकूप उपसणाऱ्या कामगाराला त्यांनी पाहिले. या कामाने माणसांचे डोळे लाल होतात आणि पुढे दृष्टीही जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग ते कारागिरांच्या आणि मजुरांच्या कामाच्या जागी जाऊन त्यांचे आजार पाहू लागले. १७०० साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. डॉक्टरांना त्यांचे सांगणे होते की रोग्याला बाकीचे प्रश्न विचाराच, पण त्यांत एकाची भर घाला : तुम्ही काम काय करता?

आपल्याला हा प्रश्न ओळखीचा आहे. पिढ्यान् पिढ्या तो आपल्याला विचारला गेला, तो जात ओळखण्यासाठी. उत्तर ऐकून पाणी वरून ओतायचे की भांडे हातात द्यायचे, हे ठरत असे. म्हणून आजही आपली माणसे मोघम उत्तर देतात : ‘कंपनीत आहे.’ मोरी साफ करणारी ताई ‘हाऊसकीपिंग’ म्हणते, भंगारातली पिंपे धुणारा भाऊ ‘बिझनेस’ म्हणतो. त्यामागचे दुखणे आम्हाला कळते. पण दवाखान्यातला प्रश्न वेगळा आहे. तो आजाराचे मूळ शोधण्यासाठी आहे. तिथे नेमके उत्तर देण्यात कमीपणा नाही, लाभ आहे.

तो लाभ कोणता, ते पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील १०० औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात तारापूर पहिले आले. गुण होते ९३.६९. सत्तरच्या वर गेले की ते क्षेत्र अतिप्रदूषित धरतात. पेपरांत मोठे मथळे आले. पण हे गुण कसे देतात, हे वस्तीत कोणी समजावून सांगितले नाही. शंभरपैकी ५० गुण हवा, पाणी, भूजल यांच्या स्थितीचे. उरलेले गुण कारखाने किती व कसले आहेत आणि नियम किती पाळले जातात, याचे. माणसांच्या प्रकृतीला फक्त १० गुण. तेही परिसरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवरून. दमा, श्वसनाचे विकार, जुलाब, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग यांचे रुग्ण वाढले का, एवढेच त्यात पाहतात.

आता आपल्याकडचा खोकला कुठे जातो? आधी मेडिकलच्या दुकानात, मग गल्लीतल्या डॉक्टरकडे, फारच वाढला तर गावाकडे. मोठ्या रुग्णालयाच्या रजिस्टरात तो पोचतच नाही. पोचला तरी तिथे ‘खोकला’ एवढेच लिहिले जाते, ‘रंगाच्या कारखान्यात सहा वर्षे’ असे लिहिले जात नाही. उद्या विद्यापीठातला कोणी संशोधक ते रजिस्टर उघडून बसला, तरी त्याला आपण दिसणार नाही. नाल्याचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत जाते, त्याचा अहवाल निघतो. आपल्या फुप्फुसांचा अहवाल निघत नाही.

अभ्यासाने काय होते, असे काहींना वाटेल. आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवला गेला. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू हे उद्योग त्यांनी अभ्यासले आणि १९४४ मध्ये अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. ज्याला आपण ईएसआयचे कार्ड म्हणतो, त्याचा उगम एका अहवालात आहे.

या कार्डाच्या बाबतीतही ती न लिहिलेली ओळ आडवी येते. साधे आजारपण असेल तर अटी पूर्ण करणाऱ्या विमाधारकाला वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. पण आजार कामामुळे झाला असेल आणि तो कायद्याच्या यादीत असेल, तर तो कामावरची इजा धरला जातो. मग तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात ९० टक्के मिळतात. शिसे किंवा बेन्झीनची विषबाधा, क्रोममुळे पडणाऱ्या जखमा, सिलिकोसिस असे आजार त्या यादीत आहेत. असा रोगी आढळला तर कारखाने निरीक्षकांना कळवणे डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. पण ज्या डॉक्टरने काम विचारलेच नाही, तो कळवणार काय? ठेक्यावर असणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की मध्ये ठेकेदार आहे म्हणून विम्याच्या बाबतीत मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही.

भीती खरी आहे. ‘असे बोललो तर गेटपास बंद होईल’ हे आम्ही रोज ऐकतो. म्हणून कोणी एकट्याने पुढे होऊन कंपनीशी भांडावे, असे आम्ही म्हणत नाही. केसपेपर रोग्याचा असतो, ठेकेदाराचा नाही. त्यावर एक ओळ लिहून घेणे म्हणजे तक्रार नव्हे. एकत्र गेल्याने काय होते, हे किनाऱ्यावरच्या मांगेला समाजाने दाखवले आहे. मासळी का नासते, हे विचारत त्यांची परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. तज्ज्ञांची समिती आली, तपासण्या झाल्या. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने तारापूरच्या कारखान्यांवर आणि सामाईक सांडपाणी केंद्रावर भरपाई बसवली.

आपण काय करू शकतो? डॉक्टरांकडे गेल्यावर चार गोष्टी स्वतः सांगा : खाते कोणते, हाताळतो तो माल कोणता, किती वर्षे, आणि आठवडी सुट्टीला किंवा गावी गेल्यावर त्रास कमी होतो का. ही शेवटची खूण फार मोलाची आहे. सुट्टीत खोकला किंवा खाज उतरत असेल, तर कामाकडे बोट दाखवायला डॉक्टरला आधार मिळतो. मालाचे नाव माहीत नसेल तर गोणीवरचे नाव कागदावर उतरवून न्या. ‘डॉक्टर, हे केसपेपरवर लिहा’ असे म्हणायला लाजू नका. केसपेपर, एक्स-रे, पगाराची स्लिप एका पिशवीत जपा. विहारात एक वही ठेवा. तिच्यात नावे नकोत; काम, वय, त्रास आणि महिना एवढेच लिहा. वर्षभरात ती वही प्राथमिक आरोग्य केंद्रापुढे ठेवता येईल.

उद्या संशोधक वस्तीत आले तर त्यांना हाकलू नका, पण नुसते फॉर्म भरूनही देऊ नका. तुम्ही कोण, या माहितीचे काय करणार, आणि निष्कर्ष सांगायला परत केव्हा येणार, हे विचारा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नीट समजावून घेतलेली संमती आवश्यक आहे, आणि अभ्यासाचा लाभ लोकांपर्यंत पोचणेही अपेक्षित आहे. विहारात बसून, मराठीत, तो अभ्यास आपल्याला ऐकवला जावा.

घरातही दोन गोष्टी आजपासून करता येतील. कामाचे कपडे घालून लेकराला उचलू नका. ते कपडे दाराबाहेर काढा आणि वेगळे धुवा. आणि स्वस्तात मिळणारे निळे पिंप पिण्याच्या पाण्याला वापरू नका. रसायन प्लास्टिकमध्ये मुरते, ते साबणाने जात नाही. सभांमधून हल्ली ‘शाश्वत जीवनशैली’ हा शब्द ऐकू येतो. कापडी पिशवी चांगलीच आहे. पण आपल्या घरांत आधी कमावत्या माणसाची छाती साठीपर्यंत टिकली पाहिजे.

या महिन्यात घरातले कोणीही दवाखान्यात गेले, तर परतल्यावर केसपेपर उघडून पाहा. त्यावर काम लिहिलेले नसेल, तर पुढच्या खेपेला तो बरोबर न्या आणि लिहून घ्या.