तिरुभुवनमची 'नीट' सॅन डिएगोत कशाला?

परवा सॅन डिएगोतल्या आपल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत बारावीतली एक मुलगी मला म्हणाली, "मावशी, मला रेव्हेल कॉलेज आवडलं होतं. पण बाबा म्हणतात तिथे वाचायला फार, जीपीए पडेल, मग मेडिकल विसर." मागे उभ्या असलेल्या पालकांनी लगेच माना डोलावल्या. तेव्हा चारचौघांत बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

येल किंवा राइसमध्ये निवासी कॉलेज विद्यापीठच नेमून देतं, त्यामुळे घरात वाद नाही. आपल्या यूसी सॅन डिएगोत मुलं पसंतीक्रम देतात आणि प्रत्येक कॉलेजचे सक्तीचे विषय वेगळे. 1964 साली मुलं आली तेव्हापासूनचं रेव्हेल इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान पक्कं करून घेणारं. म्यूरमध्ये निवडीला मोकळीक. झालं, एवढ्यावर मंडळात ठरून गेलं की डॉक्टर व्हायचं तर म्यूर, रेव्हेलच्या वाटेला जायचं नाही. अहो, केमिस्ट्री-बायॉलॉजी कॉलेज शिकवत नाही, त्या त्या विषयाचा विभाग शिकवतो. ऑरगॅनिक केमिस्ट्रीला सगळ्या कॉलेजांची मुलं एकाच वर्गात बसतात. प्री-मेड नावाची वेगळी पदवीही नाही.

ही धास्ती आपण गावाकडून आणली आहे. आमचं मूळ घर तंजावरच्या मुलखातल्या तिरुभुवनमचं, कुंभकोणमहून मायावरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गल्लीत अजून रेशमाचे माग चालतात. माझी पुतणी तिथल्या ओट्यावर बसून 'नीट' या मेडिकल प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते. तिचं एनसीईआरटीचं बायॉलॉजीचं पुस्तक मी हातात घेतलं, तर पिवळ्या, गुलाबी, हिरव्या रेघांखाली एक कोरी ओळ सापडेना. तीन विषय, 720 गुण, एक दुपार. त्यावर सगळं ठरतं, कारण तिकडे बारावीनंतर थेट एमबीबीएस. कथा-कादंबरीला तिला वेळच नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. तिच्यापुढे दुसरी वाटच नाही. आपल्या मुलांना मात्र मेडिकलच्या आधी चार वर्षं मिळतात. ती चार वर्षं आपण हौसेने 'नीट'च्या मापात कापतो आहोत, याचा मला राग येतो.

आणि हे आपण, तंजावरच्या मुलखातली माणसं, करतो! सरफोजीराजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी अजून जपलेल्या आहेत. ग्रंथांचा नाद आणि वैद्यकीचा नाद एकाच माणसाला होता. 1801 साली इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी छत्रांचं वर्णन केलं आहे: वाटसरूंना जेवण, मुलांना शिक्षक, आजाऱ्याला वैद्य, सगळं एकाच आवारात. निवासी कॉलेज म्हणजे मला तरी हेच वाटतं. वेद शिकणारा आणि ताप उतरवणारा एका पंगतीला बसले, तर दोघांचंही भलं होतं.

व्यवहाराचंच बोलायचं, तर इथली मेडिकल प्रवेशपरीक्षा, एमकॅट, बघा. चारपैकी एक भाग निव्वळ वाचनाचा: 90 मिनिटं, 53 प्रश्न, उतारे मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतले. तिथे पाठ केलेलं विज्ञान उपयोगी पडत नाही. शिवाय 2015 पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्रालाही स्वतंत्र भाग आहे. ज्या वाचनाला भिऊन आपण मुलांना पळवतो, तेच पुढे दारात उभं असतं.

 

उपदेश फार झाला, माफ करा. जीपीएला किंमत आहे, ती मी नाकारत नाही, आणि दोन-दोन मुलांच्या फीचं ओझं डोक्यावर असताना धोका नकोसा वाटतो, हेही कळतं. एखाद्या मुलीला खरंच म्यूरची मोकळीक हवी असेल, तर तिने खुशाल म्यूर घ्यावं. पण ती निवड तिची असावी, रांगेत मागे उभ्या असलेल्या काका-काकूंची नव्हे.

तेव्हा पालकहो, पसंतीक्रम पाठवण्याआधी एका रविवारी मुलांबरोबर बसा. प्रत्येक कॉलेजच्या अभ्यासमालेत कोणती पुस्तकं आहेत ती यादी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. कुठलं पुस्तक वाचावंसं वाटतं, एवढंच विचारा, आणि मग क्रम त्यांना लावू द्या.