घरचा बोका आणि नवे पिल्लू

घरात ज्वारी-हरभऱ्याची पोती आली की त्यामागून उंदीर येतात, आणि उंदरांमागून मांजर. आपल्या हिंगोली जिल्ह्यात म्हणूनच मांजर हे बहुतेक घरांतील जुने माणूस. पुढे कोणीतरी आजी-आजोबांच्या विरंगुळ्यासाठी एक पिल्लूही आणून थेट बोक्यापुढे सोडते. हेतू चांगला असतो. घाई मात्र नडते.

बोका आपली हद्द गंधाने ओळखतो. त्यामुळे पिल्लाची पहिली ओळख नाकाने व्हावी, डोळ्यांनी नव्हे. दोन महिने पूर्ण होण्याआधी पिल्लू आईपासून तोडू नये. आणल्यावर ते निराळ्या खोलीत ठेवावे. अन्न, पाणी आणि रेतीचे घमेले तेथेच असावे. दोघांच्या अंथरुणातील फडक्यांची अदलाबदल करावी. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंस दोघांच्या वाट्या ठेवाव्यात. फिस्कारणे थांबून बोका निवांत जेवू लागला, की दार फटीएवढे उघडावे. यास कधी आठवडा लागतो, कधी महिना. खच्ची न केलेला बोका पिल्लाला जिवानिशी मारू शकतो, तेव्हा पशुवैद्यकांचा सल्ला आधीच घ्यावा. रेबीजची लस दोघांनाही हवी. पिल्लाला ती तीन महिन्यांचे झाल्यावर देतात.

मला चिंता असते ती माणसाच्या हातांची. भांडण सोडवण्यास मध्ये हात घालू नये, जाड चादर टाकावी. मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम टिंबाएवढी दिसते, परंतु जंतू खोलवर जातात. मधुमेही वृद्धांच्या बोटांत एक-दोन दिवसांतच पू धरू शकतो. चावा अथवा ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावा. वसमतची हळद कितीही नामांकित असो, तिची जागा स्वयंपाकघरात. जखमेवर हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे रेबीज प्रतिबंधक लस मोफत मिळते. दात खोल रुतून रक्त आले असल्यास लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही चौकशी करावी. ‘घरचेच तर मांजर आहे’ म्हणून थांबू नये. बोका रात्री कोठे कोठे फिरतो, हे घरात कोणास ठाऊक असते?

आणखी एक. पिल्लू पायांत घुटमळते, आणि काठी टेकत चालणाऱ्याला ते अंधारात दिसत नाही. रात्री पिल्लाला त्याच्या खोलीतच बंद ठेवावे व न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा लावून ठेवावा.