उमेदवाराची जमा व नावे

गोंदियाचा तांदळाचा व्यापारी केवळ जमा पाहून हिशेब मिटवीत नाही, नावेही पाहतो. उमेदवाराची पारख तशीच व्हावी. पूर्वी गोंदिया ज्या भंडारा जिल्ह्यात होते, तेथून १९५४ साली डॉ. आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. हक्करक्षणार्थ थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचे कलम हा घटनेचा आत्मा होय, असे त्यांनी १९४८ साली बजाविले. परंतु १९५१ साली भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंध वाढविणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचे कायदेमंत्री या नात्याने समर्थनही केले. अशा थोर पुरुषासही हा हिशेब चुकत नाही, तर आजच्या उमेदवारांस सूट कशाची? संघटना बेकायदेशीर ठरविण्याचा अधिकार सरकारास देणारे जनसुरक्षा विधेयक २०२५ साली विधिमंडळात आले, तेव्हा आपण काय केलेत, हे मतदारांनी विचारावेच, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.