मारुतिभक्त मल्ल

१२ जुलै २०१२ रोजी दारासिंग मुंबईत निवर्तले. त्यांच्या व्यावसायिक कुस्त्यांना ‘तिकिटाचा खेळ’ म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ होते. आक्षेप सर्वस्वी निराधारही नव्हता. परंतु १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझवर मात करणाऱ्या या पंजाबी शेतकरीपुत्रामुळे घरोघरची मुले जोर-बैठका काढू लागली, हे श्रेय कसे नाकारणार? साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी ‘रामायण’ मालिकेत हनुमंत साकारला. मारुतीला वंदन करूनच आखाड्यात उतरण्याची ज्या मल्लविद्येची रीत, तिच्यात वाढलेल्या पुरुषाला तो निव्वळ अभिनय कसा वाटावा? २००३ मध्ये, वाजपेयी सरकारच्या काळात, त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. हा सन्मान उचितच. आज गावोगावी तालमींच्या जागी आरसे लावलेल्या व्यायामशाळा उभ्या राहत आहेत. त्यांत मारुतीचा कोनाडा मात्र क्वचितच आढळतो.